कोकणच्या दमट हवेत फाइन आर्ट प्रिंट: कागदासाठी स्वतःचं कलर प्रोफाइल कसं बनवायचं

कापसाचा कागद शाईच्या आधी हवेतला ओलावा पितो. जुलैत रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही खोलीत हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवला, तर आकडा ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. हिवाळ्यातल्या दुपारी तोच बराच खाली उतरतो. प्रिंटर, शाई, कागद सगळं तेच असतं, तरी पावसाळ्यात काढलेल्या प्रिंटमधल्या सावल्या गच्च होतात, कडा किंचित फुगतात, राखाडी छटा कुठल्यातरी रंगाकडे झुकते. मग दोष प्रोफाइलवर येतो. प्रोफाइल चुकलेलं नसतं, ते ज्या हवेत बनवलं ती हवा बदललेली असते. म्हणून किनारपट्टीवर प्रोफाइलचं काम मोजमापाच्या यंत्रापासून नाही, खोलीपासून सुरू करावं.

प्रोफाइल म्हणजे काय, हे थोडक्यात. इंटरनॅशनल कलर कन्सोर्शियमची स्थापना १९९३ साली झाली. त्यांनी ठरवलेल्या स्वरूपातली ही फाइल. प्रिंटरला अमुक आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकडे दिले, तर कागदावर मोजून नेमका कोणता रंग उतरतो, याची तालिका तिच्यात असते. ती बनवायला रंगीत चौकोनांचं (पॅचचं) पान, म्हणजे चार्ट, छापून स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या उपकरणाने मोजतात. ही तालिका एका जोडणीपुरतीच खरी असते: तो प्रिंटर, ती शाई, तो कागद, ड्रायव्हरमधला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) तो मीडिया टाइप, म्हणजे कागदाचा प्रकार, आणि ती क्वालिटी. यातलं एक बदललं की प्रोफाइल दुसऱ्याच कागदाचं झालं म्हणून समजा.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. प्रिंटरमध्ये सहा शाया असोत की दहा, ड्रायव्हरमधून छापणारा फोटो प्रिंटर आरजीबी आकडेच घेतो. शायांची वाटणी ड्रायव्हर करतो. फ्लेक्स आणि ऑफसेटच्या सवयीने फाइल आधी सीएमवायके (छापखान्याच्या चार शायांचे आकडे) करून आणली, तर समुद्राचा निळा आणि भाताचा हिरवा तिथेच कापला जातो. तो नंतर कुठल्याही प्रोफाइलने परत येत नाही.

मुळात गरज आहे का?

कंपनीची मूळ शाई, एप्सन शुअरकलर पी७००, पी९०० किंवा कॅनन इमेजप्रोग्राफ प्रो-१००० सारखा पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईचा प्रिंटर आणि हानेम्यूल किंवा कॅन्सनचा कागद असेल, तर कागदाच्या कंपनीचं फुकट मिळणारं प्रोफाइल आधी वापरून बघा. हे प्रिंटर एकसारखे बनतात, त्यामुळे बहुतेकांचं काम तिथेच भागतं. सोबतच्या पत्रकात कुठला मीडिया टाइप निवडायचा ते लिहिलेलं असतं. ते वाचायचं सोडून प्रोफाइलला नावं ठेवणारे बरेच भेटतात.

स्वतःचं प्रोफाइल खरं कामाला येतं ते इतर ठिकाणी. एप्सनच्या एल८०५०, एल१८०५० किंवा जुन्या एल८०५, एल१८०० मध्ये बाहेरची शाई भरलेली असते तेव्हा. कागद कुठल्यातरी घाऊक व्यापाऱ्याकडचा, नाव-पत्ता नसलेला असतो तेव्हा. किंवा पिंगुळीच्या चित्रकथीची, सावंतवाडीच्या गंजिफाची प्रतिकृती काढायची असते आणि मूळ चित्र शेजारी ठेवून ताडून बघितलं जाणार असतं तेव्हा. बाहेरच्या शाईच्या बाबतीत एक अट पाळा. एका प्रोफाइलच्या आयुष्यात शाईचा ब्रँड बदलायचा नाही. टाकीत अर्धी जुनी आणि अर्धी नवी शाई असेल, तर ती जोडणी दर आठवड्याला बदलत राहते, आणि अशा शाईचं प्रोफाइल बनवणं म्हणजे मेहनत वाया. तसंच, एल मालिकेतल्या या प्रिंटरमध्ये डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई असते. रंग छान येतात, पण उन्हात आणि ओलाव्यात ती पिगमेंटपेक्षा लवकर उतरते. गिऱ्हाइकाला ही प्रिंट फाइन आर्ट म्हणून देताना हे सांगणं आपलं काम.

आधी खोलीची हवा

खोलीची आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा. ६० पर्यंत चालवून घेता येतं. त्यापुढे कागद सादळायला लागतो. अनेक प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकेत ८० टक्के ही वापराची वरची मर्यादा दिलेली असते. म्हणजे आपल्याकडचा उघड्या खिडकीचा पावसाळा त्या मर्यादेच्याही बाहेरचा.

त्यासाठी घर बदलावं लागत नाही. लहान, दारं-खिडक्या नीट बसणारी एक खोली निवडा. जमिनीखालून ओल येणारं माजघर नको, शक्य असेल तर वरचा मजला घ्या. एसीचा ड्राय मोड बऱ्यापैकी काम करतो. वर्षभर छपाई करणार असाल, तर डीह्युमिडिफायर घ्या, तो विजेच्या मानाने जास्त पाणी ओढतो. एक डिजिटल हायग्रोमीटर प्रिंटरशेजारी ठेवा, भिंतीला टांगू नका. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात स्वतःच ओलसर असते, तिथला आकडा कागदाचा आकडा नसतो.

कागदाचं पाकीट उघडल्यावर लागतील तेवढी पानं त्या खोलीत २४ तास मोकळी ठेवा, वर साधा स्वच्छ कागद झाकून. उरलेली पानं लगेच मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, म्हणजे कधी गरम करून वाळवायचं ते कळतं. सादळलेला कापसाचा कागद हाताला मऊ लागतो, कोपरा टिचकावला तर कडक आवाज येत नाही. असा कागद प्रिंटरमध्ये घातला, तर कडा वर उचलतात, हेड त्यांना घासतं आणि काळे ओरखडे पडतात.

हे जमवता येणारच नसेल, तर दुसरा मार्ग आहे, पण तो कमअस्सल आहे: एकाच कागदाची दोन प्रोफाइल, एक कोरड्या दिवसांतलं आणि एक पावसाळ्यातलं. चतुर्थीच्या आसपास, एक दिवस ऊन आणि एक दिवस सर असते, तेव्हा दोन्हीपैकी कुठलंच धड लागू पडत नाही. आमचा कौल खोली कोरडी ठेवण्याकडेच आहे.

मीडिया टाइप ठरवा, मगच चार्ट छापा

प्रोफाइल बनवताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण ही पायरी कंटाळवाणी असते. ड्रायव्हरमधला मीडिया टाइप दोन गोष्टी ठरवतो. एक, कागदावर किती शाई ओतायची. दोन, काळी कुठली वापरायची, फोटो ब्लॅक की मॅट ब्लॅक. शाई जास्त झाली, तर प्रोफाइल ती कमी करू शकत नाही, फक्त झालेल्या चिखलाचं मोजमाप लिहून ठेवतं.

एक छोटी फाइल बनवा. तिच्यात काळ्याकडच्या पायऱ्या असाव्यात: आर, जी, बी तिन्ही समान ठेवून ०, ४, ८, १२ असं ४० पर्यंत. शेजारी पूर्ण लाल, हिरवा, निळा, सायन, मॅजेंटा, पिवळा यांचे चौकोन आणि थोडा बारीक काळा मजकूर. ही फाइल तीन-चार वेगवेगळ्या मीडिया टाइपवर, प्रत्येक वेळी रंगव्यवस्थापन बंद ठेवून छापा. मॅट कागद असेल, तर मॅट ब्लॅक वापरणारेच पर्याय घ्या. मॅट कागदावर फोटो ब्लॅक छापला, तर काळा राखट येतो. आणि मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर नीट बसत नाही, बोट लावलं तर निघून येतो.

वाळल्यावर भिंगाखाली बघा. ज्या पट्टीत काळा सर्वांत गडद आहे, तरी ८ आणि १२ वेगळे ओळखू येतात, मजकुराच्या कडा फुटलेल्या नाहीत आणि निळ्या-लाल चौकोनांच्या सीमेवर शाई एकमेकींत उतरलेली नाही, तो पर्याय घ्या. दोन पर्याय सारखेच वाटले, तर कमी शाईचा निवडा. आपल्या हवेत तो जास्त दिवस साथ देतो. मग क्वालिटी ठरवा आणि हाय स्पीड म्हणजे हेडने जाता-येता दोन्ही दिशांनी छापण्याचा पर्याय बंद करा. जाड कागद असेल तर प्लॅटन गॅप (हेड आणि कागद यांमधलं अंतर) एक पायरी वाढवा. हे सगळं ड्रायव्हरमध्ये प्रीसेट म्हणून नाव देऊन साठवा. पुढे प्रत्येक प्रिंट याच प्रीसेटवर जाणार आहे.

चार्ट छापणं

आधी नोझल चेक, म्हणजे हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते बघणारी छपाई. एकही रेघ तुटलेली असेल तर पुढे जाऊ नका. फिक्या मॅजेंटाचं एक नोझल बंद असलं तरी डोळ्याला प्रिंट ठीक दिसते, पण मोजमापात सगळ्या राखाडी छटा हिरवट नोंदल्या जातात आणि प्रोफाइल ती चूक उलटी करून प्रत्येक प्रिंटवर लावतं. नोझल साफ झालं की सगळ्या प्रिंट गुलाबी. हेड अलाइनमेंटही याच वेळी करून घ्या.

चार्टमध्ये किती पॅच हवेत, ते उपकरणावर अवलंबून. आय१ स्टुडिओ आणि त्याच्या आधीचं कलरमंकी दोन टप्प्यांत चालतात: पहिल्या पानावर ५० पॅच, ते मोजून झाल्यावर त्यावरून ठरवलेले आणखी ५०. रोजच्या कामाला पुरतं. आय१ प्रो वापरत असाल, तर ९१८ पॅचचा चार्ट चांगला समतोल साधतो. दोन-अडीच हजार पॅच मोजून फार काही जास्त पदरात पडत नाही, शाई मात्र भरपूर जाते. अर्गिल सीएमएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टारजेन पॅच ठरवतं आणि प्रिंटटार्ग पान मांडतं. पान मांडताना आपलं उपकरण कुठलं ते सांगायला विसरू नका, नाहीतर पट्ट्यांची रुंदी जुळत नाही.

चार्ट छापताना रंगव्यवस्थापन कुठेही सुरू नसावं. फोटोशॉपमधला नो कलर मॅनेजमेंट हा पर्याय २०१० साली आलेल्या सीएस५ पासून नाही. म्हणून प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच छापा, किंवा अडोबी कलर प्रिंटर युटिलिटी वापरा. मॅकवर कलरसिंक युटिलिटीतूनही चार्ट म्हणून छापता येतं. यातलं काहीच जमत नसेल, तर एक जुनी युक्ती आहे. चार्टला एसआरजीबी असाइन करा, कन्व्हर्ट नाही. मग प्रिंटच्या खिडकीत प्रिंटर प्रोफाइल म्हणूनही एसआरजीबीच निवडा. दोन्ही टोकांना एकच प्रोफाइल असल्याने आकडे बदलत नाहीत.

ड्रायव्हरमध्ये एप्सनच्या मोठ्या प्रिंटरवर ऑफ, नो कलर अ‍ॅडजस्टमेंट. एल मालिकेत मोअर ऑप्शन्समध्ये जाऊन कलर करेक्शन कस्टम करा, मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये नो कलर अ‍ॅडजस्टमेंट. कॅननवर कलर मॅचिंग नन. आकार १०० टक्के, फिट टू पेज बंद.

छापायला घेण्याआधी मऊ, रुंद ब्रशने कागद हलकेच झटका. कापसाच्या कागदावर सुटे तंतू असतात. शाई त्यांच्यावर बसते, नंतर तंतू गळतो आणि पांढरा ठिपका राहतो. प्रिंटमध्ये तो खुपतो, चार्टमध्ये पॅच फिका मोजला जातो.

प्रिंटरला यूपीएस लावा, आणि तो प्रिंटरच्या वाटेचा वेगळा असलेला बरा. मध्येच वीज गेली, तर चार्ट जातोच, शिवाय हेड टोपीवर परतत नाही, उघडंच राहतं आणि वाळतं. वीज आली की आधी प्रिंटर सुरू करून हेड जागेवर जाऊ द्या, मग नोझल चेक, मग नवं पान. अर्ध्यावर थांबलेलं पान पुढे चालू ठेवू नका.

वाळवणं

पिगमेंट शाईचा चार्ट तासाभरात कोरडा लागतो, पण रंग स्थिर व्हायला वेळ लागतो. २४ तास द्या. डाय शाईलाही तेवढेच. पावसाळ्यात खोली ६० टक्क्यांच्या वर गेली असेल तर ४८. पानं सुटी, सपाट, वर सच्छिद्र साधा कागद. हेअर ड्रायर, पंख्याचा थेट झोत, उन्हात खळ्यात ठेवणं, यातलं काहीही नको. घाईने वाळवलेला रंग आणि सावकाश वाळलेला रंग एकच नसतो, आणि गिऱ्हाइकाची प्रिंट सावकाशच वाळणार आहे.

मोजणं

उपकरण हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवत असाल, तर मोजायच्या आधी अर्धा तास खोलीत बाहेर काढा. एसीच्या गार खोलीतून दमट खोलीत नेऊ नका, आत दव धरतं. पांढरी टाइल स्वच्छ आहे ना ते बघा, तिच्यावर बोट नको. कॅलिब्रेशन याच टाइलवर होतं.

चार्टच्या खाली त्याच कागदाची दोन-तीन कोरी पानं ठेवा. टेबल लाकडी असेल तर पातळ कागदातून त्याची तांबूस झाक मोजमापात येते. पट्टी ओढताना वेग एकसारखा, सुरुवात आणि शेवट कोऱ्या जागेत. खरखरीत पोताचा कागद असेल, तर संपूर्ण चार्ट दोनदा, जमल्यास तीनदा मोजून सरासरी घ्या. पोताच्या उंचवट्यांची सावली प्रत्येक वेळी थोडी वेगळी पडते.

आता एम० , एम१, एम२ चा प्रश्न. या मोजण्याच्या अटी आयएसओ १३६५५ मध्ये ठरलेल्या आहेत. एम१ मध्ये अतिनील किरणांसह डी५० प्रकाश (दिवसाच्या उजेडाचं ठरलेलं प्रमाण) गृहीत धरतात, एम२ मध्ये अतिनील गाळून टाकतात, एम० ही जुनी, अतिनीलाबाबत सैल अट. हे महत्त्वाचं ठरतं ते कागदात ऑप्टिकल ब्राइटनर असेल तर. ब्राइटनर अतिनील प्रकाश घेऊन निळा परत देतो, त्यामुळे कागद मोजमापात निळसर दिसतो. प्रोफाइल त्याची भरपाई करतं आणि प्रिंटमधले फिके रंग पिवळट होतात. तपासायचं असेल, तर नोटा बघायचा अतिनील दिवा अंधारात कागदावर मारा. झगझगीत निळा दिसला, तर ब्राइटनर भरपूर आहे. कॅन्सनचा रॅग फोटोग्राफिक असा चमकत नाही, त्यात ब्राइटनर नाही. अशा कागदाला तिन्ही अटींचे आकडे जवळपास सारखे येतात, कुठलीही घ्या. ब्राइटनरवाल्या कागदाची प्रिंट काचेच्या फ्रेममध्ये, घरातल्या एलईडीखाली लागणार असेल, तर एम२. उजेडाच्या खोलीत खिडकीसमोर लागणार असेल, तर एम१. आय१ स्टुडिओ पांढऱ्या एलईडीवर चालतो, त्यात अतिनील जवळपास नसतंच, त्यामुळे तिथे हा निर्णय तुमच्या हाती राहत नाही.

प्रोफाइल तयार करणं

सॉफ्टवेअर डी५० प्रकाश गृहीत धरून चालतं, ते तसंच ठेवा. आयसीसीची आवृत्ती २ निवडा. आवृत्ती ४ चुकीची नाही, पण जुनी सॉफ्टवेअर तिच्यावर अडखळतात आणि छपाईत तिचा फायदा डोळ्याला दिसत नाही. तालिकेचा आकार मोठा.

अर्गिलमध्ये चार्टरीडने मोजून कोलप्रोफने प्रोफाइल बनतं. तिथे एक खाच आहे. कोलप्रोफला स्रोत प्रोफाइल, म्हणजे एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबी, सांगितलं नाही, तर ते पर्सेप्च्युअलसाठी (आवाक्याबाहेरचे रंग कागदात बसवण्याच्या पद्धतींपैकी, म्हणजे रेंडरिंग इंटेंटपैकी एक) वेगळी तालिका बनवतच नाही. नंतर फोटोशॉपमध्ये पर्सेप्च्युअल निवडलं तरी मिळतं कलरिमेट्रिकच, आणि माणूस फरक का दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो. मोठ्या एसचा पर्याय देऊन त्यापुढे स्रोत फाइलचं नाव द्या.

बनवून झालं की डेल्टा ईचा (दोन रंगांतल्या फरकाच्या मापाचा) अहवाल बघा. सरासरी १ च्या आसपास किंवा खाली असेल तर उत्तम, बाहेरच्या शाईवर २ पर्यंतही ठीक. सरासरीपेक्षा सर्वांत वाईट दहा-वीस पॅच कुठे आहेत ते बघणं जास्त उपयोगाचं. ते चार्टभर विखुरलेले असतील, तर तो कागदाचा स्वभाव. ते सगळे एकाच पट्टीत असतील, तर ती पट्टी चुकीची मोजली गेली आहे किंवा त्या जागी कागदावर डाग आहे. तेवढी पट्टी पुन्हा मोजा. ही पाच मिनिटांची तपासणी टाळली, तर महिनाभराने संध्याकाळच्या आकाशाच्या सलग छटेत अचानक एक जांभळी पायरी दिसते आणि कारण सापडत नाही.

नाव देताना प्रिंटर, कागद, ग्रॅममध्ये वजन, मीडिया टाइप, मोजणीची अट आणि महिना हे सगळं त्यात येऊ द्या. फोटोशॉपच्या यादीत दिसतं ते फाइलचं नाव नाही, प्रोफाइलच्या आत लिहिलेलं नाव. नंतर फाइलला दुसरं नाव दिलं तरी यादी बदलत नाही, म्हणून बनवतानाच नीट लिहा.

बसवणं सोपं. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक, इन्स्टॉल प्रोफाइल. ती विंडोजच्या सिस्टम३२, त्यात स्पूल, ड्रायव्हर्स, कलर या फोल्डरमध्ये जाते. मॅकवर लायब्ररीतल्या कलरसिंकमधल्या प्रोफाइल्समध्ये टाका. फोटोशॉप उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडा.

प्रिंट काढताना

फाइल १६ बिटमध्ये, अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटोमध्ये ठेवा. एप्सनला ३६०, कॅननला ३०० पीपीआय. फोटोशॉपच्या प्रिंटच्या खिडकीत फोटोशॉप मॅनेजेस कलर्स, खाली तुमचं प्रोफाइल, मग प्रिंट सेटिंग्जमध्ये साठवलेलं प्रीसेट, ज्यात ड्रायव्हरचं रंगव्यवस्थापन बंदच आहे. लाइटरूममध्ये प्रिंट मॉड्यूलच्या कलर मॅनेजमेंटमध्ये अदर निवडून प्रोफाइल यादीत आणावं लागतं.

त्याआधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल ते पडद्यावरच बघणं. व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम. प्रोफाइल निवडा, प्रिझर्व्ह आरजीबी नंबर्सची खूण काढा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (चित्रातला काळा कागदाच्या काळ्याला जुळवणं) ठेवा. सिम्युलेट पेपर कलर लावल्यावर चित्र एकदम फिकं पडतं, तेव्हा नजर दुसरीकडे वळवून मग ते लावा आणि चित्राभोवतीचे पांढरे पॅनेल लपवा, म्हणजे डोळा कागदाच्या पांढऱ्याला जुळवून घेतो.

कुठला रेंडरिंग इंटेंट, याला ठरलेलं उत्तर नाही, चित्र बघून ठरतं. रत्नागिरीच्या सड्यावरचं कातळशिल्प घ्या. जांभ्याचा कोरडा तांबडा, करडा, सुकलेल्या गवताचा पिवळा, हे सगळे रंग मॅट कागदाच्या आवाक्यात आरामात बसतात. इथे रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, कारण जो रंग बसतो तो जागेवरून हलवायचं कारणच नाही. पण तोच कातळ पावसात भिजलेला असेल, तर गोष्ट बदलते. ओला जांभा काळपट तांबडा होतो. मॅट कागदाचा सर्वांत गडद काळा लॅब मोजमापात एल (उजळपणा, ० म्हणजे पूर्ण काळा) १६ ते १८ च्या आसपास असतो, चांगल्या बरायटा (चमकदार लेपाच्या) कागदावर तो ३ ते ५ पर्यंत उतरतो. भिजल्या कातळातला बराचसा तपशील या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात राहतो. म्हणजे मॅटवर तो गेला. एक तर बरायटा वापरा, किंवा सॉफ्ट प्रूफ लावलेलं असताना कर्व्हने सावल्या थोड्या वर उचला. प्रोफाइलकडून ही अपेक्षा करू नका.

आषाढातल्या भाताच्या तरव्याचा पोपटी आणि देवबाग-तारकर्लीच्या उथळ पाण्याचा हिरवा-निळा हे दुसऱ्या टोकाचे रंग. इथे अडचण गडदपणाची नसते, रंगाच्या तीव्रतेची असते. गमट वॉर्निंग (आवाक्याबाहेरचे रंग दाखवणारी सूचना) लावलं की अर्धे वाफे राखाडी दिसतात. रिलेटिव्हमध्ये आवाक्याबाहेरचे सगळे पोपटी एकाच कडेवर आपटतात आणि रोपांमधला फरक सपाट होतो. पर्सेप्च्युअल सगळ्याच रंगांना थोडं आत ओढतं, तीव्रता कमी होते, पण पात्यापात्यातला फरक टिकतो. अशा चित्रांना पर्सेप्च्युअल बरा. सॅच्युरेशन इंटेंट फोटोसाठी नाही. अ‍ॅब्सोल्यूट कलरिमेट्रिक फक्त दुसऱ्या कागदाची नक्कल करून दाखवताना, एरवी कोऱ्या पांढऱ्यावरही झाक येते.

बघायचं कुठे

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला हवा आणि त्याचा प्रकाश ८० ते १०० कँडेला प्रति चौरस मीटर. प्रिंट काळोखी येते या तक्रारीमागे बहुतेक वेळा दुप्पट उजळ ठेवलेला मॉनिटर असतो. प्रिंट बघायला ५००० केल्विनचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) ९५ च्या आसपासचा दिवा. आयएसओ ३६६४ मध्ये रोजच्या व्यवहारातल्या पाहणीसाठी ५०० लक्स आणि काटेकोर तुलनेसाठी २००० लक्स सांगितले आहेत.

आपल्याकडे प्रिंट पडवीत नेऊन दिवसाच्या उजेडात बघायची सवय असते. पण तो उजेड थेट आकाशातून येत नाही. समोरच्या कलमांच्या पानांवरून हिरवा होऊन येतो, चिऱ्याच्या गडग्यावरून तांबडा होऊन येतो. राखाडी छटा त्यात हमखास फसवतात. पांढऱ्या भिंतीच्या खोलीत, झाडं नसलेल्या बाजूच्या खिडकीपाशी, ऊन थेट येत नसताना बघा. आणि छापून निदान तासभर झाल्याशिवाय निर्णय देऊ नका, डाय शाई असेल तर दुसऱ्या दिवशी.

प्रोफाइल अजून खरं आहे का, हे कसं कळणार?

चार्ट छापला त्याच दिवशी, त्याच प्रीसेटवर एक छोटी पट्टीही छापून ठेवा: आठ राखाडी पायऱ्या, म्हणजे ०, ३२, ६४, ९६, १२८, १६०, १९२, २२४, आणि सहा शुद्ध रंग. वाळल्यावर मोजून आकडे लिहून ठेवा, पट्टी अंधाऱ्या, कोरड्या पाकिटात. दर महिन्याला, आणि शाईची बाटली किंवा कागदाचा लॉट बदलला की, नवी पट्टी छापून तुलना करा. सरासरी फरक डेल्टा ई २ च्या आत असेल तर काही करू नका. ३ च्या पुढे गेला तर आधी नोझल, मग हायग्रोमीटर, मग प्रीसेट तपासा. तिन्ही ठीक असतील तरच नवं प्रोफाइल. मृगाच्या पावसानंतरची पहिली पट्टी हटकून सरकलेली असते. खोली कोरडी करून दोन दिवसांनी पुन्हा छापली की बहुतेक वेळा ती जागेवर येते.

बिघडलं तर

संपूर्ण प्रिंट मॅजेंटाकडे झुकलेली आणि जड: रंगव्यवस्थापन दोनदा झालं आहे, फोटोशॉपमध्येही आणि ड्रायव्हरमध्येही. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर प्रीसेट मूळपदावर येतं, तेव्हा हे हटकून घडतं. प्रिंट ओशाळलेली, रंग न उठलेली, काळा राखट: कागदाची उलटी बाजू किंवा चुकीचा काळा. बाजू ओळखायला कोपऱ्यावर ओलसर बोट टेकवा, लेप असलेली बाजू किंचित चिकटते. राखाडीत एका टोकाला हिरवट आणि दुसऱ्या टोकाला गुलाबी: चार्ट छापताना नोझल बंद होतं, प्रोफाइल टाकून द्या. गडद भागात शाई साचून चकाकणारे डाग: मीडिया टाइप जास्त शाईचा निवडला आहे, पहिल्या पायरीपासून सुरुवात. कडांवर ओरखडे: कागद सादळला आहे, कोरड्या खोलीत वजनाखाली सपाट करा, प्लॅटन गॅप वाढवा. प्रोफाइल याला काही करू शकत नाही.

उपकरण नसेल तर

स्पेक्ट्रोफोटोमीटर महाग आहे, आणि दोन-तीन कागद वापरणाऱ्याने तो घ्यायलाच हवा असं नाही. चार्ट छापून मुंबई-पुण्यातल्या प्रोफाइल बनवून देणाऱ्याकडे पाठवता येतो. त्यांच्याकडून चार्टची फाइल त्यांच्या उपकरणासाठी मांडलेली मागवा. वर सांगितल्याप्रमाणे छापा, २४ तास वाळवा, प्रत्येक पानामध्ये आम्लमुक्त पातळ कागद घाला. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका. गुंडाळी करून नळीत पाठवू नका, वळलेलं पान मोजताना उपकरणाखाली उचलतं. त्याच कागदाची दोन कोरी पानंही सोबत पाठवा, खाली ठेवायला. पानाच्या कडेला पेन्सिलीने प्रिंटर, शाई, मीडिया टाइप, तारीख आणि त्या दिवशीचा आर्द्रतेचा आकडा लिहा, आणि मोजणी एम१ की एम२ वर हवी ते कळवा. मोजलेल्या आकड्यांची मूळ फाइलही परत मागा. पुढे कधी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा दुसऱ्या सेटिंगने प्रोफाइल पुन्हा बनवायचं झालं, तर चार्ट नव्याने छापावा लागत नाही.